नारळ फुटण्याआधी

वाचकांचे प्रश्न : सोलापूर शहराचा पैसा

ताई, आम्ही शेळगीत राहतो. वडिलांनी गुंठ्यानं जागा घेऊन घर बांधलं त्याला वीस वर्षं होऊन गेली. घरपट्टी थकवलेली नाही. गल्लीतला रस्ता अजून मातीचाच आहे, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. पलीकडच्या वस्तीत मात्र दोनदा पेव्हर ब्लॉक बसले. पेपरात सारखं 'शहराला अमुक कोटींचा निधी' असं छापून येतं. हा निधी वाटतो कोण, आणि आमच्या गल्लीचं नाव अडतं कुठं? – एक वाचक, शेळगी

दादा, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तिसरी विचारली नाहीत आणि घोडं बहुधा तिथंच अडलंय, म्हणून ती आधी घेते. तुमची गल्ली कागदावर रस्ता आहे का?

गुंठ्यानं जागा घेतली म्हणजे शेतमालकानं शेताचे तुकडे पाडले, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली आणि खरेदीखतं करून दिली. मंजूर लेआउट नाही. त्या वाटेची जमीन सातबाऱ्यावर आजही मूळ मालकाच्या किंवा त्याच्या वारसांच्या नावावर असू शकते. आणि खासगी जागेवर सरकारी पैशातून काम करता येत नाही, मग तो आमदार निधी असो की आणखी कुठला. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करायला घेतो, जागेच्या मालकीचा रकाना येतो, आणि फाईल तिथंच बसते. तुम्हाला मात्र कुणी हे सांगत नाही. 'निधी नाही' असं सांगतात. माझी नोकरी नगरपालिका-महापालिकांच्या लेखा शाखेत गेली. 'निधी नाही' इतकं सोयीचं उत्तर दुसरं नाही, त्याच्यावर कुणी उलट प्रश्नच विचारत नाही.

तेव्हा पहिलं काम, तलाठ्याकडून तुमच्या गटाचा सातबारा काढा. दुसरं, नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या आणि तुमची वाट त्यात रस्ता म्हणून दिसते का बघा. दिसत नसेल तर गुंठेवारी नियमितीकरणाचा मार्ग आहे. कायदा 2001 चा, आणि 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात बसते. एकट्यानं अर्ज करू नका, सगळ्या गल्लीनं मिळून करा. त्यात जे विकास शुल्क भरायचं असतं ते त्याच भागातल्या सुविधांसाठी असतं, हे अर्जातच लिहा आणि पावती जपून ठेवा.

आता निधीचं. पेपरातला 'शहराला निधी' हा शब्द फसवा आहे. शहराला नुसता निधी कधीच येत नाही. पैसा येतो तो लेखाशीर्ष, म्हणजे कुठल्या कामावर खर्च करायचा ते, कपाळावर लिहून घेऊनच येतो. लग्नात मुलीच्या नावानं आलेला आहेर मांडववाल्याला देता येत नाही, तसंच हे. (देतात, तो भाग वेगळा. त्यालाच लेखापरीक्षणाच्या भाषेत आक्षेप म्हणतात.)

केंद्राच्या वित्त आयोगाच्या अनुदानाचंच घ्या. 15 व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात शहरांचे दोन गट होते, दहा लाखांवरची आणि त्याखालची. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 9,51,558 भरली, म्हणजे थोडक्यासाठी खालच्या गटात. या गटातल्या अनुदानाचा 40 टक्के भाग मोकळा आणि 60 टक्के बांधील. बांधील म्हणजे त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छता, घनकचरा यांवरच खर्च करायचा. त्या 60 टक्क्यांतून तुमचा रस्ता मागणं म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन चादर मागणं. शिवाय घरपट्टीची वसुली वाढली नाही, हिशेब वेळेवर तपासून जाहीर केले नाहीत, तर हे अनुदानही अडतं. म्हणजे ज्यानं घरपट्टी थकवली त्याच्यामुळं तुमचंही पाणी अडतं.

दुसरं आहे राज्याचं नगरोत्थान अभियान. त्यात रस्ते बसतात, पण महापालिकेला स्वतःचा हिस्सा घालावा लागतो. हिस्सा कुठून आणायचा? जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला. 2017 पासून जीएसटीच्या नुकसानभरपाईपोटी राज्याकडून दरमहा रक्कम येते, दरवर्षी 8 टक्के वाढ धरून. पगार, निवृत्तिवेतन, विजेची बिलं आणि उजनी धरणाहून पाणी आणण्याचा खर्च हे आधी वाट बघत उभे असतात. त्यातून उरेल तो हिस्सा. म्हणून मंजूर योजनासुद्धा 'हिश्श्याअभावी' रखडते. ही बातमी सहसा आतल्या पानावर येते, मंजुरीची पहिल्या पानावर.

आणि एक जुनं दुखणं. 1992 ला हद्दवाढ झाली तेव्हा सुमारे 33 चौरस किलोमीटरचं शहर एका आदेशानं 178 चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी, दहिटणे, तुमची शेळगी, सगळी गावं एकदम शहर झाली. क्षेत्र पाचपटीहून वाढलं. घरं मात्र विरळ होती, म्हणजे कर थोडा आणि रस्ते-नळ-गटारांची लांबी भरमसाट. तीस वर्षांनंतरही आपण 'हद्दवाढ भाग' असंच म्हणतो, यातच काय ते आलं.

पलीकडच्या वस्तीच्या पेव्हर ब्लॉकबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडते. तो पैसा बहुतेक लोकशाहीर अण्णा भाऊ साठे नागरी वस्ती सुधारणा योजनेचा असणार, जिला अजून सगळे दलित वस्ती निधीच म्हणतात. अनुसूचित जाती उपयोजनेतला पैसा, जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो आणि त्याच वस्त्यांवर खर्च व्हायला हवा. तो तुमच्या ताटातला नव्हताच. खासदार निधीत वर्षाला 5 कोटी असतात, त्यातही 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी ठेवायचे असतात. गटार नसलेल्या वस्तीत दोनदा पेव्हर ब्लॉक का बसतात, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो विचारायचा पहिला हक्क त्या वस्तीचा आहे. पेव्हर ब्लॉक लवकर बसतात, फोटोत छान दिसतात, आणि गटारासाठी खोदकाम निघालं की उखडून पुन्हा बसवता येतात. कंत्राटदाराला याहून गोड काम नाही. मी उलटही बघितलंय. एका गावात वस्ती राहिली बाजूला आणि पुढाऱ्याच्या बंगल्यापर्यंतचा डांबरी रस्ता 'वस्तीला जोडणारा' म्हणून याच शीर्षात बसवला. म्हणून तुमच्या भागात या योजनेचा फलक दिसला तर काम खरंच वस्तीत आहे का, तेवढं जरूर बघा.

तुमच्या गल्लीसाठी एक वेगळी वाट सुचवते. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम 2019 ला सुरू झाला, त्यात सोलापूरचं नाव आहे, कारण आपल्या हवेत धूळ फार. रस्त्यावरची धूळ कमी करणं हे त्यातलं एक काम. मातीचा रस्ता, शेजारी शाळा किंवा दवाखाना, उडणारी धूळ, असं लिहून अर्ज करा. रस्ता मागू नका, धूळ थांबवा म्हणा. शीर्ष बदललं की टेबल बदलतं.

स्मार्ट सिटीचा पैसा कुठं गेला? – एक वाचक, विजापूर रोड

गावाच्या मध्यात. जानेवारी 2016 मध्ये पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडलं गेलं. योजनेची रचनाच अशी होती की मोठा वाटा एका निवडक भागाच्या विकासावर आणि थोडा सगळ्या शहराला लागू होणाऱ्या कामांवर. आपण निवडलेला भाग जुना गाव, सिद्धेश्वर तलाव, होम मैदान, पार्क, रंगभवन हा. निम्मा पैसा केंद्राचा, उरलेला राज्य आणि महापालिका मिळून. कामं वेगळ्या कंपनीमार्फत झाली. उजनीची समांतर जलवाहिनी हे त्यातलं सगळ्या शहराच्या कामाचं. योजना मार्च 2025 ला संपली. विजापूर रोडला त्यातलं काय मिळालं, तर गड्ड्याच्या यात्रेला आलात की होम मैदानावर पायाखाली कमी धूळ. आता उभ्या केलेल्या वस्तूंची देखभाल कुठल्या शीर्षातून होणार, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. बांधायला योजना असते, झाडायला नसते.

नमस्कार मॅडम. आम्ही पूर्व भागातले. आई विड्या वळते, वडील लूमवर होते. अशोक चौकाजवळची भाड्याची खोली सोडून आम्ही कुंभारीला रे नगरच्या घरकुलात आलो. घर स्वतःचं झालं, त्याचं समाधान आहे. पण शाळा, दवाखाना, कचरा, बस यासाठी कुणाकडं जायचं तेच कळत नाही. महापालिका म्हणते हद्दीबाहेर, ग्रामपंचायत म्हणते आमचा आवाका नाही. आम्ही शहरातले की खेड्यातले? – एक वाचक, रे नगर

तुमच्या पत्रावर मी इतर पत्रांपेक्षा जास्त वेळ घालवला, कारण सोलापूर कुठं वाढतंय त्याचा पत्ता तुमच्या लिफाफ्यावर आहे.

आधी मागचं थोडं. कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरकुलं 2006 ला विडी कामगार बायकांना मिळाली. त्यामागं माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांचा पुढाकार होता, आणि रे नगरच्या 30,000 घरांमागंही. त्यातल्या 15,000 घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. प्रधानमंत्री आवास योजनेत अशा घराला केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकी लाभार्थ्याचे. हे काम मोठं झालं, त्यात शंका नाही. मात्र ते पैसे घराचे होते. घराबाहेरच्या शहराचे पैसे वेगळ्या वाटेनं येतात, आणि ती वाट कुंभारीपर्यंत आलेली नाही.

कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला येतो तो मुख्यतः लोकसंख्येच्या हिशेबानं. लोकसंख्या कुठली? 2011 ची. आणि 2011 ला तुम्ही कुठं होता? अशोक चौकाजवळ. म्हणजे तुमची चार डोकी अजून शहराच्या खात्यावर मोजली जातात आणि कचरा मात्र कुंभारीच्या खात्यावर पडतो. यात ग्रामपंचायतीला दोष देऊन उपयोग नाही. एका गावाच्या सरपंचाला आणि ग्रामसेवकाला एका तालुक्याच्या गावाएवढी वस्ती सांभाळायला सांगितली तर कोण सांभाळणार?

यातून सुटायला तीन दारं आहेत. पहिलं, हद्दवाढ. ते राज्य सरकारच्या हातात. पण शेळगीचं पत्र वरतीच आहे, ते वाचून घ्या. शहरात नाव लागलं की सेवा येते असं नाही, घरपट्टी मात्र वेळेवर येते. दुसरं, स्वतःची नगरपरिषद. कायद्याचा ढोबळ निकष 25,000 लोकसंख्या आणि किमान 35 टक्के बिगरशेती रोजगार. चाळीस हजार घरकुलांच्या गावात, जिथं दारोदारी विडी वळली जाते, तिथं दोन्ही निकष सहज भरतील असं मला वाटतं, आणि माझं मत विचाराल तर मी याच दारावर जास्त जोर लावीन. स्वतःचं सभागृह, स्वतःचा मुख्याधिकारी, स्वतःचं अंदाजपत्रक. अडचण एकच, विडीच्या मजुरीवर चालणाऱ्या घरांकडून घरपट्टी किती निघणार? सुरुवातीची वर्षं सगळा भार अनुदानावर राहील. जे नगरपरिषद मागतील त्यांनी हे लोकांना आधीच सांगावं.

तिसरं दार लहान आहे, पण तेच लवकर उघडेल. 2027 ची जनगणना. घरमोजणी आणि नंतर डोकेमोजणी होईल तेव्हा रे नगरचं प्रत्येक घर रे नगरलाच मोजलं गेलं पाहिजे. रेशनकार्डावर जुना पत्ता आहे, मतदान तिकडं आहे, म्हणून 'आम्ही अजून पेठेतलेच' असं कुणी सांगितलं तर पुढची दहा वर्षं पैसा त्या पत्त्यावर जाईल. प्रगणक जिथं राहता तिथली नोंद करतो, कागदावरच्या पत्त्याची नाही. तुमच्या बचतगटांच्या बैठकीत हे सांगा, मराठीत सांगा आणि तेलुगूतही सांगा. आईच्या विडी कारखान्यात माल द्यायला बायका रांगेत बसतात तिथं सांगितलं तर आणखी लवकर पोचेल.

तोवर शाळा आणि आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, सदस्यांतले चार-पंचमांश जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या सदस्यांतून येतात. तुमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य आणि आमदार दोघांनाही एकच निवेदन द्या. वेगवेगळी दिली की दोघंही दुसऱ्याकडं बोट दाखवायला मोकळे.

आमच्या कॉलनीत एका प्लॉटवर 'उद्यानासाठी आरक्षित' असा बोर्ड होता. बोर्ड गेला, आता तिथं इमारत होणार म्हणतात. हे कसं? – एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

ताई, बागेचं आरक्षण म्हणजे बाग नव्हे, नकाशावरचा हिरवा रंग. जमीन मालकाचीच असते. ती घ्यायला महापालिकेला पैसे मोजावे लागतात किंवा मालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं बांधकाम करायचा हक्क) घ्यायला राजी करावं लागतं. विकास आराखडा एका विभागानं करायचा आणि अंदाजपत्रक दुसऱ्यानं, दोघांची गाठ क्वचित पडते. त्यामुळं शेकडो आरक्षणं रंगवली जातात आणि भूसंपादनाच्या शीर्षाला दोन-चार प्लॉटपुरते पैसे ठेवले जातात. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली की मालक नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं समजलं जातं. तुमच्याकडं बहुधा हेच झालंय.

पण आधी एक खात्री करा. तो प्लॉट आराखड्यातलं आरक्षण होता की तुमच्या लेआउटमधली खुली जागा? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर लेआउट पडतो तेव्हा 10 टक्के जागा खुली सोडावी लागते, आणि ती विकता येत नाही. ती असेल तर मंजूर लेआउटची नक्कल काढा आणि नगररचनेत लेखी हरकत द्या, बांधकाम परवाना निघायच्या आत. आरक्षणच असेल तर कलम 127 ची नोटीस कधी आली आणि तिचं काय झालं, ते माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. चोवीस महिने अजून संपले नसतील तर कॉलनीला हातपाय मारायला वेळ आहे. संपले असतील तर कोर्टात जायच्या आधी एखाद्या चांगल्या वकिलाकडं जा. मालकाशी भांडत बसू नका, त्याचीही जमीन वर्षानुवर्षं अडकलेली होती.

अंदाजपत्रकात सामान्य माणसाला काही सुचवता येतं का, की सगळं आत ठरतं? – एक विद्यार्थी, सात रस्ता

आतच ठरतं, पण दार बंद नसतं. दिवाळीनंतर विभागांकडून मागण्या गोळा होऊ लागतात. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर प्रशासक आले. त्या काळात ठेवणारे आणि मंजूर करणारे एकच, त्यामुळं चर्चेचा भाग बराच आटोपशीर झाला. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून प्रभागातल्या कामांच्या सूचना फॉर्मवर मागवतात. पद्धतीत खोट खूप आहेत, पण लोकांना निदान तारीख तरी माहीत असते. आपल्या कायद्यात क्षेत्र सभेचीही तरतूद आहे, मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांची सभा. तुम्ही कधी तिचं आमंत्रण बघितलंय का? मीही नाही.

तर करायचं असं. जानेवारीत नव्हे, नोव्हेंबरात जा. विभागीय कार्यालयात एका कामाचा एक अर्ज द्या. दहा मागण्या एका कागदावर लिहिल्या तर तो कुठल्याच फाईलला लागत नाही. कामाची लांबी-रुंदी, जागा कुणाची आणि काम कुठल्या शीर्षात बसेल, एवढं लिहा. महिला-बालकल्याण आणि दिव्यांग कल्याण यांना पाच-पाच टक्के राखून ठेवायचे असतात आणि मार्च आला की ते कुठं खर्च करू याची धावपळ असते. तुमच्या कामात रॅम्प किंवा बायकांचं स्वच्छतागृह असेल तर ते शीर्ष आधी लिहा. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फेब्रुवारीत त्या क्रमांकावर विचारा, अंदाजपत्रक छापून आलं की कामांच्या यादीत शोधा. यादीत नाव आलं तरी समोर तरतूद किती ते बघा. एक हजार रुपयांची 'टोकन तरतूद' दिसली तर समजा की तुमचं काम पुढच्या वर्षासाठी नुसतं रांगेत उभं केलंय, आणि पुढच्या नोव्हेंबरात तोच आवक क्रमांक लिहून पुन्हा अर्ज द्या.